राजकारणावर स्वतःचं मत वर्षानुवर्षे जाहीरपणे लिहिण्याचा काही उपयोग होतो का?

प्रश्नाखाली आणखी दोन गोष्टी विचारल्यात: सुरुवात कशी करावी, आणि घरच्यांचा विरोध असेल तर काय करावं. उपयोग होतो. सुरुवातीचं मला विचारू नका, खडू घ्यायचा आणि लिहायचं. घरच्यांबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय.

माझी पिठाची गिरणी आहे, तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या तोंडाशी. गिरणीच्या बाहेरच्या भिंतीवर माझा फळा आहे. पुण्यात चौकाचौकांत मंडळांचे वार्ताफलक असतात तसाच, फक्त याच्यामागे मंडळ नाही, मी एकटाच. काँग्रेसने शरद पवारांना काढलं आणि राष्ट्रवादी निघाली, त्या 1999 सालापासून लिहितोय. दळण टाकलं की माणूस नंबर लागेपर्यंत थांबतो, आणि थांबलेला माणूस समोर असेल ते वाचतो. माझं भांडवल एवढंच.

खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहितो. ओलं असताना काही दिसत नाही, वाळलं की अक्षर पांढरंशुभ्र उठतं आणि येता-जाता कोणाचा खांदा लागला तरी पुसत नाही. दुसऱ्या दिवशी मीच ओल्या फडक्याने पुसतो. पुसायच्या आधी मजकूर वहीत उतरवतो: तारीख, कोण काय बोलला, कुठे बोलला, मी स्वतः ऐकलं की पेपरात वाचलं. लोक भांडायला यायचे, ‘तू असं लिहिलंच नव्हतंस’ म्हणायचे, त्यातून ही सवय लागली. आता त्या वह्यांचा गठ्ठा माळ्यावर आहे आणि गावातल्या काही मंडळींना त्या गठ्ठ्याची फार काळजी वाटते.

लिहिण्याने मतं बदलतात का? नाही. माझा फळा वाचून कोणी या पक्षाचं मत त्या पक्षाला दिलं असेल असं मला एकदाही वाटलेलं नाही. गावात मत भावकीवर पडतं, जातीवर पडतं, आजारपणात गाडी कोणी पाठवली त्यावर पडतं. आणि वरच्या पातळीवर लिहिणाऱ्याची काय पत्रास? 23 नोव्हेंबर 2019 ला सकाळी लोकांच्या हातातल्या पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार होते आणि टीव्हीवर देवेंद्र फडणवीस शपथ घेऊन मोकळे झाले होते, शेजारी अजित पवार. त्या दिवशी मी फळ्यावर फक्त तारीख घातली आणि खाली कोरं सोडलं. तेवढं हसलेले लोक मी गिरणीसमोर पुन्हा पाहिले नाहीत. चार दिवसांत ते सरकार गेलंसुद्धा.

उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो, तो सांगतो.

थेट नगराध्यक्षाचा घोळ आठवतो ना? 2016 ला कायदा झाला की नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा. 2020 ला महाविकास आघाडीने तो फिरवला, म्हणजे नगरसेवकांनी आपल्यातून निवडायचा. 2022 ला सरकार बदललं आणि पुन्हा थेट. गंमत म्हणजे 2020 ला नगरविकास खातं एकनाथ शिंदेंकडे होतं आणि 2022 ला मुख्यमंत्रीही तेच. थेटच्या बाजूने बोलण्यासारखं आहे आणि विरोधातही आहे. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असलं की सर्वसाधारण सभेत एक ठराव धड होत नाही. उलट नगरसेवकांतून निवडायचा म्हटलं की निवडणुकीआधी आठ दिवस अर्धे नगरसेवक सहलीला. दोन्ही बाजू मी फळ्यावर मांडल्या होत्या.

पण आमच्या गावात एक साहेब आहेत. नाव घेत नाही. 2016 च्या प्रचारात ते म्हणाले होते की जनतेचा नगराध्यक्ष जनताच निवडणार, ही क्रांती आहे. 2020 ला पक्ष बदलून झाला होता, तेव्हा एका उद्घाटनात म्हणाले की थेट निवड म्हणजे गावाची तिजोरी एका माणसाच्या हातात. 2022 च्या पावसाळ्यात त्यांचा सत्कार झाला आणि त्यांना पुन्हा क्रांती दिसली. मी त्या सत्काराला मागच्या खुर्चीवर होतो. घरी आलो, वह्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. तीन तारखा, तीन वाक्यं. वर मथळा नाही, खाली शेरा नाही.

दुपारपर्यंत त्याचा फोटो सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. संध्याकाळी गिरणी बंद करताना दोन पोरं आली. एकाने माझ्या पाया पडल्यासारखं केलं. ‘काका, साहेबांनी विचारलंय, काही अडचण आहे का? असली तर सांगा.’ ज्यांनी गावात धंदा केलाय त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. म्हटलं, अडचण काही नाही, ज्वारीचं पीठ हवंय का? दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर जळकं ऑईल. वरपासून खालपर्यंत, एखाद्याने मन लावून ओतलेलं. रॉकेल आणि भुशाने घासून काढलं, दोनदा ब्लॅकबोर्डचा रंग मारला, आणि त्याच तीन ओळी पुन्हा लिहिल्या. अजून भिंतीवर खाली ओघळ आहे.

इथे घरचे येतात. आमचे थोरले बंधू, दादा, याच साहेबांचे जुने कार्यकर्ते. सतरंज्या उचलण्यापासून बूथ सांभाळण्यापर्यंत सगळं केलेला माणूस. ते आले, स्टुलावर बसले, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, ‘तुझ्या फळ्याने आजवर एक तरी नळ आला का गावात? मी मुख्याधिकाऱ्याच्या दारात बसून आपल्या गल्लीचं गटार मंजूर करून आणलं. तू काय आणलंस?’ मला तेव्हा लगेच उत्तर सुचलं नाही असं नाही, पण वहिनी सोबत होत्या म्हणून गप्प बसलो. आता सांगतो.

दादा, गटार तुम्ही आणलंत, शंभर टक्के मान्य. पण ते आपल्या गल्लीतून सुरू होऊन कुठे गेलं? वेशीबाहेर जिथे तेव्हा वस्तीच नव्हती त्या लेआउटपर्यंत गेलं. प्लॉट कोणाचे ते तुम्हाला माहीत आहे. हे मला कसं कळलं? अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं आणि नकाशाची प्रत मिळाली म्हणून कळलं. फळ्यावर लिहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच कामाचा दुसरा टप्पा गुपचूप खालच्या आळीकडे वळला, जिथे पावसाळ्यात खरंच पाणी घरात शिरतं. त्याचा नारळही साहेबांनीच फोडला. फोडू दे. खालच्या आळीतल्या बाया दळणाला येतात तेव्हा त्या काय म्हणतात ते तुम्ही कधी ऐकलं नाहीत.

आणि प्रशासकाच्या काळात तर विचारूच नका. 2016 ला निवडून आलेल्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात अडकला, आणि नगरपालिकेत ना नगरसेवक ना सभा. मुख्याधिकारीच प्रशासक, तोच ठराव करणार, तोच मंजूर करणार. शेवटी मे 2025 मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि डिसेंबरात मतदान झालं. मधल्या सगळ्या काळात कुठला ठराव कधी झाला हे गावात दोनच ठिकाणी कळायचं, पालिकेच्या दफ्तरात आणि माझ्या गिरणीवर. दफ्तरात जायला लोक बिचकतात. तेव्हा दादांचे कार्यकर्तेसुद्धा नंबर नसताना गिरणीसमोर रेंगाळायचे.

तेव्हा प्रश्नकर्त्याला माझं म्हणणं असं की दिल्लीवर लिहू नका. त्यावर लिहायला लाख माणसं आहेत आणि तुमचं वाचून तिथे पानही हलणार नाही. वॉर्डावर लिहा. विशेषणं कमी, तारखा जास्त. आपल्या आवडत्या माणसाचंही तितकंच लिहा, नाहीतर लोक तुमची किंमत दोन महिन्यांत ठरवतात. घरच्यांचा विरोध असेल तर असू द्या. विरोध करणाऱ्याचे कोणाशी कसले संबंध आहेत ते आधी बघा, बहुतेक उत्तर तिथेच मिळतं.

हो, एक राहिलंच. सरकारी नोकरीत असाल तर यातलं काही करू नका, 1979 चे वर्तणूक नियम आहेत आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका त्यात बसत नाही. माझी भिंत स्वतःची, धंदा स्वतःचा, पोरगी लग्न होऊन सासरी. भाड्याच्या गाळ्यात बसून मी एवढा शूर झालो असतो की नाही, सांगता येत नाही. बदनामीचा फौजदारी गुन्हा नव्या न्याय संहितेतही आहे, कलम 356, म्हणून कागद हातात असल्याशिवाय पैशाबद्दल एक अक्षर लिहू नका. आचारसंहिता लागली की मी फळ्यावर फक्त मतदानाची तारीख आणि वेळ लिहितो, तुम्हीही तसंच करा.

दादांना हे त्यांचा नातू वाचून दाखवेलच. त्याला सांगायचंय की गटाराच्या पहिल्या टप्प्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही, पालिकेत ‘सापडत नाही’ असं मला लेखी उत्तर आलंय, आणि ठेकेदाराचं बिल निघालं त्या दिवशी आजोबा मुख्याधिकाऱ्याच्या दारातच बसले होते. पुस्तिका त्यांनी पाहिली असेल तर माझं माहिती अधिकारातलं अपील अजून प्रलंबित आहे, येऊन सांगावं. चहा मी देईन.