देवच मान्ना पुरवत होता, तर मोशेचं काम काय होतं?

तुमचा प्रश्न असा की बायबलप्रमाणे मिसरातून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएल लोकांना चाळीस वर्षं रानात मान्ना नावाचं अन्न देवानेच दिलं, मग त्यांचा पुढारी मोशे याला श्रेय कशाचं? माझ्या मते श्रेय वाटपाचं. त्याने काही पिकवलं नाही, विकत घेतलं नाही, साठवलंही नाही. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा १६वा अध्याय सावकाश वाचा: माप, मुदत आणि सुट्टी सांगायची नि पाळून घ्यायची, एवढंच त्याच्याकडे होतं.

मिसर सोडून महिना झालाय. एलीम आणि सीनाय यांच्या मधल्या सीन रानात लोक भुकेपायी मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्यावर कुरकुरतायत. संध्याकाळी लावे पक्षी येतात. सकाळी दव उडालं की जमिनीवर हिमासारखे बारीक कण उरतात, हाच मान्ना. धण्याएवढे, पांढरे, चवीला मध घातलेल्या पापडीसारखे. माप माणशी एक ओमर, म्हणजे एफाचा दहावा हिस्सा, आजच्या हिशेबाने साधारण दोन लीटर. तंबूत जितकी तोंडं तितके ओमर. मापून पाहिलं तेव्हा जास्त वेचणाऱ्याचं उरलं नाही आणि कमी वेचणाऱ्याला कमी पडलं नाही.

मुदत एका दिवसाची. सकाळपर्यंत ठेवू नका म्हणून बजावलं तरी काहींनी ठेवलंच. त्यात किडे पडले, घाण सुटली आणि मोशे भडकला. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर. भाजायचं, शिजवायचं ते आटपायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवसाला ठेवायचं. ते नासत नाही. तरी सातव्या दिवशी काही जण वेचायला गेले आणि हात हलवत परतले. (कोकणातल्या तेल गाळणाऱ्या बेने इस्राएलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, ‘शनवार तेली’ म्हणत ते याच सातव्या दिवसामुळे. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत.)

माप सुटलं की काय होतं ते बायबलच्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात दिसतं. लोकांना मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवतात आणि मांसासाठी रडारड सुरू होते. मोशे देवाला सरळ म्हणतो, हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. उत्तर म्हणून त्याला मदतीला सत्तर वडील मिळतात. महिनाभर मांस मिळेल, या शब्दावरही त्याचा विश्वास बसत नाही. सहा लाख पायदळाला गुरंमेंढरं कापून तरी पुरतील का, असा हिशेब तो देवापुढेच मांडतो. विश्वासू म्हणजे शंका न घेणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग जरूर वाचावा.

मग लावे येतात, छावणीभोवती दोन हात उंचीपर्यंत. सगळ्यांत कमी वेचणाऱ्याचेही दहा होमर भरले. इथे वाचणाऱ्यांची हमखास गल्लत होते: होमर वेगळा, ओमर वेगळा. एक होमर म्हणजे शंभर ओमर. म्हणजे रोजचा एक ओमर घेणाऱ्यांनी किमान हजार ओमर मांस भरलं. या वेळी ‘इतकंच घ्या’ असं कुणी सांगितल्याचा उल्लेख नाही. मांस दातांत असतानाच मरीची साथ आली.

मोशे खरा चुकला तो मरीबा या ठिकाणी, लोकांना पाणी नव्हतं तेव्हा (गणना २०). खडकाशी बोल, असा देवाचा हुकूम होता. याआधी रफीदीम या ठिकाणी पाण्यासाठी खडकावर काठी मारायला सांगितलं होतं, इथे नाही. त्याने लोकांना बंडखोर म्हटलं, ‘आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढायचं काय?’ असं विचारलं आणि काठी दोनदा मारली. पाणी तरीही भरपूर आलं. माणसं प्याली, जनावरं प्याली. वचनदत्त देशाचं, म्हणजे कनानचं, दार बंद झालं ते मोशे आणि अहरोनाला. पुढाऱ्याच्या चुकीपायी लोक तहानेले राहिले नाहीत. पुरवठा मोशेच्या गुणांवर अवलंबून नव्हता याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

क्रमाने वाचायचं तर निर्गम १६ ते १८ (१८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो), मग गणना ११, १६ आणि २०. गणना १६:१५ सोडू नका. यांचं एक गाढवही मी घेतलं नाही, असं मोशे तिथे म्हणतो. शेवटी यहोशवा ५:१२ : कनानच्या जमिनीचं धान्य खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद. तोवर पुढारी बदलला होता, मोशेच्या जागी यहोशवा आला होता.