‘लवकर निजे’ कोणी पाळायचे?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा असून यंदा दहावीला आहे. त्याची शाळा सकाळी ७.१० ला भरते. पहाटेचे पाठांतर पक्के होते म्हणून सासरे त्याला साडेपाचला उठवायला सांगतात. मी तीन-चार हाका मारते, मग ते स्वतः येऊन पंखा बंद करतात, पांघरूण ओढतात. एकदा तर रागाच्या भरात मीच त्याच्या तोंडावर पाणी शिंपडले. तरीही तो मांडीवर पुस्तक घेऊन पेंगतो. दुपारी शाळेतून आला की जेवून दोन ते साडेचार झोपतो, ५ ते ८.३० क्लास असतो आणि रात्री साडेबारापर्यंत मात्र टक्क जागा असतो. रविवारी अकराशिवाय हलत नाही. ‘लवकर उठे, त्यास ज्ञान भेटे’ हे सासऱ्यांचे पालुपद सुरूच असते. त्याचा आळस कसा घालवावा?
– एक आई, नाशिक

उत्तर : आपल्या सासऱ्यांनी म्हटलेली म्हण अर्धीच आहे. तिची सुरुवात ‘लवकर निजे’ अशी होते, आणि आपल्या घरातला प्रश्न नेमका त्या गाळलेल्या अर्ध्या भागात आहे. साडेबारा ते साडेपाच म्हणजे पाच तास होतात. १३ ते १८ या वयात दिवसाकाठी ८ ते १० तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दुपारचे अडीच तास त्यात मिळवले, तरी बेरीज साडेसातच्या पुढे जात नाही आणि तीही तुकड्यातुकड्यांची. त्यामुळे पहाटे पेंगणाऱ्या मुलाला आळशी म्हणणे मला पटत नाही.

या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूत झोपेची सूचना देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते, ते किशोरवयात लहानपणापेक्षा एक-दोन तास उशिरा वाढते. नऊ वाजता पेंगणारा तुमचा मुलगा अकरापर्यंत ताजातवाना राहू लागला, यात त्याची लबाडी नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणाने. आपल्या राज्यात २०२४ मध्ये सकाळी नऊ किंवा त्यानंतर वर्ग भरवण्याचा निर्णय झाला, तो पूर्वप्राथमिक ते चौथीपुरता. ज्या वयाला पहाट सर्वांत जड जाते ते वय त्यातून सुटलेच. असो, शाळेची वेळ आपल्या हाती नाही.

मात्र शरीराचे घड्याळ अकरापर्यंत जागवते, साडेबारापर्यंत नव्हे. वरच्या दीड तासाचा हिशेब मुलाकडून घ्यायला हवा. पत्रात आपण मोबाइलचा उल्लेख केलेला नाही, पण तो उशाशी असावा असा माझा अंदाज आहे. क्लासचा गृहपाठ ग्रुपवर येतो, ही सबब पुष्कळदा खरीही असते. तेव्हा तो गृहपाठ जेवणाआधी उतरवून घ्यावा आणि रात्री दहाला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावा. हा नियम घरातील सर्वांना हवा. वडील सोफ्यावर पडून रील पाहत असतील आणि त्यांचा आवाज आतल्या खोलीत जात असेल, तर दोन दिवसांत नियम मोडेल. गजरासाठी साधे घड्याळ आणा. अभ्यासाला तरतरी यावी म्हणून रात्री चहा-कॉफी दिली जात असेल तर ती बंद करा. चार-पाचला घेतलेल्या कॉफीचाही अंमल झोपेच्या वेळेपर्यंत पुरता उतरत नाही.

दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणे हा सर्वांत कठीण, पण सर्वांत उपयोगी भाग आहे. अडीच तास झोपलेल्या मुलाला रात्री साडेदहाला झोप येणार कशी? पहिला आठवडा तो चिडेल, क्लासमध्ये जांभया देईल, ते सोसावे. वाचलेल्या दोन तासांत पाठांतर करून घ्यावे आणि पहाटेचे साडेपाचचे उठणे निदान परीक्षेपर्यंत रद्द करावे. दप्तर, गणवेश, डबा यांची तयारी रात्रीच झाली, तर सव्वासहाला उठूनही शाळा गाठता येईल. साडेदहाला निजला, तर पावणेआठ तास होतात. आठला पंधरा मिनिटे कमी, पण पाचाहून कितीतरी बरे. वाचलेले डोक्यात मुरते ते बरेचसे झोपेत, त्यामुळे या बदलात गुणांचे नुकसान होण्याची भीती नको. रविवारी आठ-साडेआठपर्यंत झोपू द्यावे. अकरापर्यंत झोपला की सोमवारची सकाळ दुप्पट जड जाते.

सासऱ्यांना हे सुनेने समजावण्यापेक्षा त्यांच्या मुलाने सांगितलेले बरे. त्यांना बाजूला न सारता एक काम द्यावे. उठल्याबरोबर नातवाला गच्चीत न्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे उजेडात दोघांनी बसावे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की पुढे सरकलेले शरीराचे घड्याळ हळूहळू जागेवर येते. पंख्याच्या बटणापेक्षा त्यांच्या हाताला हे काम शोभेल.

दोन-तीन आठवडे पुरेशी झोप होऊनही थकवा राहिला, तो जोराने घोरत असेल किंवा चेहरा फिकट दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आवडता खेळ, मित्र, जेवण या सगळ्यांतून मन उडाल्यासारखे वाटले, तर मात्र वाट पाहू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पाणी शिंपडणे आजपासून थांबवा. सव्वासहाला एकच हाक मारावी आणि हे त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. एखादे दिवशी शाळा चुकेल; त्या दिवशी ‘ताप होता’ अशी चिठ्ठी लिहून देऊ नका, वर्गशिक्षकांना काय सांगायचे ते त्याचे त्याला ठरवू द्या.