वाचकांचे प्रश्न : फौजी घरातले कागद

प्रश्न : थोरला मुलगा सात वर्षांपासून सैन्यात शिपाई आहे, गेल्या वैशाखात त्याचं लग्न झालं. धाकटा अग्निवीर. देशासाठी जीव द्यायची वेळ आली तर मागे हटणार नाही, असं दोघंही शांतपणे सांगतात. पण कागदांचा विषय काढला की घरात 'अभद्र बोलू नका' म्हणतात. काय करावं?
– एक वडील, लष्कर भाग, ग्वाल्हेर

उत्तर : यात अभद्र काहीच नाही. मुलांनी जीव पणाला लावलाय. मागे राहणाऱ्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत, हे बघणं घरच्यांकडे येतं.

आधी थोरल्याच्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या घरच्या बदलांची सैन्याच्या दप्तरातली अधिकृत नोंद. विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो आणि सूनबाईंचं आधार जोडून त्याने युनिटच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. रेकॉर्ड ऑफिसात नोंद होईपर्यंत सैन्याच्या लेखी तो अविवाहितच. मूल झालं की त्याची वेगळी ऑर्डर. सुट्टीत लग्न उरकून परतलेली मुलं नेमकं हेच पुढे ढकलतात.

घोडं अडतं ते नावापाशी. आपल्यात तांदळात सुनेचं नवं नाव लिहितात आणि दाखल्यावर तेच जातं. आधारवर मात्र माहेरचं. त्यातून इथल्या हिंदी कागदांत काळेंचे 'काले' होतात, मधलं नाव कुठे असतं, कुठे गळतं. दाखला, आधार, पॅन, पासबुक, पार्ट टू ऑर्डर : सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. आत्ता मुलगा स्वतः सही करू शकतो, तोवरच हे करून घ्या.

नॉमिनेशन एक नसतं. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, ग्रुप इन्शुरन्स, बँक खातं, सगळ्यांचं वेगवेगळं. भरतीच्या वेळी बहुधा आईचं नाव लागतं, आणि एका ठिकाणी बदललं म्हणून दुसरीकडे बदलत नाही. फॉर्ममध्ये हिश्श्याचा रकाना असेल तिथे बायको आणि आई-वडील यांची टक्केवारी मुलानेच लिहावी. सासू-सुनेत पुढे येणारा दुरावा पुष्कळदा या रिकाम्या रकान्यातून येतो.

कुटुंब निवृत्तिवेतन मात्र नॉमिनेशनवर नाही, नियमाने ठरतं. पहिला हक्क पत्नीचा. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना मृत्यू आला तर शेवटच्या गणनापात्र (निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या) वेतनाइतकं. लढाई नाही पण कारण सेवेशी जोडलेलं, तर 60 टक्के. सेवेशी संबंध नसेल तर पहिली 10 वर्षं 50 टक्के, नंतर 30. सरकारी कागदावर 'शहीद' नसतं, 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतला बळी किंवा जखमी) असतं. त्या एका शेऱ्यावर सगळं ठरतं, म्हणून चौकशी अहवालाची प्रत कुटुंबाने मागून घ्यावी.

अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही. विमा 48 लाखांचा. सेवेमुळे मृत्यू झाल्यास 44 लाख सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या मुदतीचं वेतन सेवानिधीसह (मुदत संपल्यावर मिळणारी एकरकमी रक्कम). तेव्हा धाकट्याचे फॉर्म थोरल्याच्या आधी तपासा.

प्रश्न : आमच्या मंडळाचे ज्येष्ठ कार्यकर्ते वारले. पार्थिवावर तिरंगा घातला तर चालतं का?
– एक वाचक, मुरार

उत्तर : नाही. त्यांच्याविषयीचा आदर समजतो, पण राष्ट्रध्वजाचा अवमान रोखणाऱ्या 1971च्या कायद्याने हा मान शासकीय, सैनिकी आणि निमलष्करी अंत्यसंस्कारांनाच आहे. मोडल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जिथे मान असतो तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे हवा. ध्वज चितेवर जात नाही; अग्नी देण्याआधी तो उतरवून, घडी करून घरच्यांच्या हाती देतात.