चोर सापडला नाही तरी परत जा

लेकी,

पोलीस पाटील म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या वडिलांनी फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. आपल्याकडे निजामाच्या काळापासून पोलीस पाटील वेगळा आणि वसुलीचा माली पाटील वेगळा. आता तुझं काम 1967 च्या ग्रामपोलीस कायद्यानं चालतं. तो एकदा वाचून काढ. त्यात जे नाही, ते मी लिहितो.

माझ्याकडे बालाघाटाच्या डोंगरातलं पोलिसांचं बीट होतं, म्हणजे गस्तीचा इलाखा. दिवाळी सरली की वाड्या-तांड्यांवर कुलपं लागायची, ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्याला गेलेले. मागं म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. त्यात हरभऱ्या-गव्हाचं पाणी, आणि लाइट रात्रीची. सकाळी विहिरीवर जावं तर मोटारीची केबल कापलेली. वरचं प्लास्टिक जाळायचं, तांबं भंगारात. एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं, दोन रात्री झाल्या, पुलाखाली एक छोटा हत्ती टेम्पो लाइट बंद करून उभा असतो. नंबर त्याला वाचता आला नव्हता, पण निळी ताडपत्री त्यानं नीट पाहिली होती. मी लिहून घेतलं आणि आठ दिवस तिकडे फिरकलोच नाही. बंदोबस्त होता असं तेव्हा सांगत होतो. खरं म्हणजे विसरलो. तेवढ्यात त्याच शिवारातल्या चार विहिरींच्या केबली गेल्या. मग धावत गेलो, तर म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि म्हणाला, “जमादार, आता रात्रीचं दिसत नाही मला.”

आठ दिवसांत मोतीबिंदू होत नाही, लेकी.

तेव्हापासून सांगणाऱ्याकडे परत जायचं ठरवलं. “गाडी अडवली, कागद बरोबर निघाले, सोडून दिली,” एवढं सांगितलं तरी माणूस पुढच्या वेळी फोन करतो. जाताना मात्र ढोर बघायला किंवा बी-बियाणं विचारायला गेल्यासारखी जा. कोणी सांगितलं हे गावाला कळलं, तर तो माणूस तुला कायमचा गेला.

नातवानं मध्यंतरी मोबाइलवर एक अभ्यास वाचून दाखवला. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स, युगांडा अशा सहा देशांत पोलीस लोकांत मिसळले, बैठका घेतल्या, गस्ती घातल्या. तरी गुन्हे कमी झाले नाहीत, भरवसाही वाढला नाही. कारणं ऐकताना मला आपलीच ठाणी दिसत होती: अधिकारी बदलून गेले, आणि लोकांनी सांगितलेल्या कामांना माणसं-साधनं नव्हती. मग भिवंडीत कसं जमलं? 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेलं ते गाव. तिथं पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं घेऊन. 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आमच्या शांतता समितीत मात्र सणाच्या आधी तेच ते पांढरे कपडे, चहा आणि फोटो. मीही त्या फोटोंत आहे.

तंटामुक्त मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. बांधाचे, वाटेचे पुष्कळ वाद त्यात मिटले, चांगलंच झालं. पण तंटामुक्त गावाला मिळणाऱ्या बक्षिसाच्या नादात बाईला झालेली मारहाणही ‘घरचा तंटा’ म्हणून मिटवलेली मी पाहिली आहे. तुझ्याकडे बाया पुरुष पाटलापेक्षा लवकर येतील. आली तर तिला ठाण्यात घेऊन जा, पारावर नव्हे.

आता गस्तीचं. ग्रामसुरक्षा दलातली पोरं उत्साही असतात, त्याचीच मला धास्ती वाटते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांचा जीव घेतला. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून पोट भरणारे. तेव्हा पोरांकडे बॅटरी आणि शिट्टी दे. अनोळखी माणूस दिसला तर बसवायचं, पाणी द्यायचं, 112 ला फोन करायचा, गाडी येईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही. हे त्यांच्या आयांसमोर सांग, म्हणजे लक्षात राहील. आणि चोरी झाली की गाव पहिलं बोट पारधी वस्तीकडे दाखवतं. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा 1871 पासूनचा कायदा 1952 ला रद्द झाला, गावाला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. तू त्या वस्तीवर चोरी नसताना जाऊन बस. रात्रीच्या हालचाली त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतात.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत बंद राहणाऱ्या घरांची यादी वहीत कर. कोण कुठल्या कारखान्याला, मुकादमाचा नंबर, मागं कोण आहे. एक प्रत तुझ्याकडे, एक बीट अंमलदाराच्या हातात. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकू नकोस, सरपंचांनी मागितली तरी. दसऱ्याला गावी येतोय, तेव्हा वही दाखव.

तुझा,
जमादार काका