हेअर जेलमध्ये झाडासारखी नक्षी का उमटते?

तुमचा प्रश्न: दोन काचांमध्ये हेअर जेल दाबून काचा ओढल्या की फांद्यांसारखी नक्षी उमटते, ग्लिसरीनमध्ये मात्र बोटांसारखे जाडसर आकार येतात आणि पुसटतात. असं का?

काचा उचलताना मधली फट वाढते आणि ती भरायला कडेने हवा आत घुसते. म्हणजे पातळ हवा घट्ट द्रवाला ढकलते. गोम इथेच आहे. हवेची कड कुठे केसभर पुढे गेली, की तिच्यापुढचा अडथळा घटतो आणि ते टोक आणखी पुढे सरकतं. पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून ठेवणारी ओढ, असे उंचवटे सपाट करू पाहतो, पण त्याला फक्त बारीक उंचवटे आवरतात. या रस्सीखेचीत बोटांची जाडी ठरते. सॅफमन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये हे गणितात मांडलं. त्याआधी, १९५२ मध्ये, हिल यांनी साखरशुद्धीच्या कोळशाच्या थरांमधून पाण्याने पाक ढकलताना पाणी मधूनच वाटा काढतं, हे दाखवलं होतं.

आता जेल. ग्लिसरीन कसंही ढकला, घट्टपणा तोच. जेल मात्र जिथे जास्त ओढलं जातं तिथेच पातळ होतं. बोटाच्या टोकापाशी ओढ सर्वांत जास्त, म्हणून टोक सुसाट सुटतं, बोट अरुंद राहतं आणि फांद्या फुटतात. शिवाय जोर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर जेल हलतच नाही. म्हणून पृष्ठताणाला ती नक्षी मोडता येत नाही आणि ती टिकते.

मी कोथरूडमध्ये मुलांना हे करून दाखवते. फ्रेमवाल्याकडून आणलेल्या दोन अ‍ॅक्रिलिकच्या शीट, कोपऱ्यांत पोस्टकार्डाचे तुकडे, वरच्या शीटला मध्ये भोक. सिरिंजने ग्लिसरीनमध्ये रंगीत पाणी सोडलं की बोटं फुटतात. मग उलट करते: आधी पाणी, त्यात रंगीत ग्लिसरीन. सुरेख गोल पसरतो! दोन्ही वेळा द्रव तेच, फक्त कोण कुणाला ढकलतो ते बदललं. मला या प्रयोगातला हाच क्षण सगळ्यांत आवडतो.

राजस्थानात बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रात तेल ढकलायला जमिनीत सोडायच्या पाण्यात ते घट्ट करणारं पॉलिमर मिसळतात तेही याचसाठी. नुसतं पाणी घट्ट तेलातून वाटा काढून तेलविहिरीत पोहोचतं आणि तेल मागे राहतं.

ग्लिसरीनच्या काचा एकदा सावकाश, एकदा झटक्यात उचलून पाहा. झटक्यात उचलल्यावर बोटं बारीक आणि जास्त येतील.