भीड सोड, लिफ्ट माग

‘लेकीची शाळेच्या नाटकात निवड झाली, पण तालीम साडेपाचला सुटते. हे सातशिवाय घरी येत नाहीत आणि मला गाडी येत नाही. नाटकाची फी द्यावी लागेल का, तेही माहीत नाही, आणि तालमींपायी रविवारची मराठी शाळाही बुडेल. शेवटी तिला नको म्हणून सांगितलं. लोकांना रोज कसं सांगणार?’ कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका आईनं लिहिलंय.

वाचून जीव कळवळला. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून ‘अगं’ म्हणते. एका गाडीवर संसार ओढणं काय असतं ते मी भोगलंय. पण तुझं शेवटचं वाक्य तूच पुन्हा वाच. अगं, सांगलीत शेजारणीकडे विरजण मागताना आपण कधी लाजलो का? मग इथे आल्यावर तोंड का शिवून घ्यायचं?

माझ्या मुलानं सातवीत बँड सोडला. ‘आवडत नाही’ म्हणाला, आम्ही मान डोलावली. पुढे घर बदलताना त्याच्या जुन्या दप्तरात बँडच्या सहलीचं संमतीपत्र सापडलं. चार घड्या घातलेलं, वर त्याचं नाव नीट लिहिलेलं, पालकांच्या सहीची ओळ कोरी. विचारलं तर म्हणाला, ‘न्यायला-आणायला बाबांना कामावरून लवकर निघावं लागलं असतं.’ आमची भीड पोरानं गुपचूप अंगावर घेतली होती. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

तेव्हा शिक्षकांना विचार, आपल्या बाजूला कोणती मुलं राहतात? त्यांच्या आईला सरळ सांग, ‘मला गाडी येत नाही, हिला आणाल का?’ मोठ्यांनाच विचार हं. सोळा वर्षांच्या मैत्रिणीच्या गाडीत बसवू नकोस. कॅलिफोर्नियात अठराखालच्या मुलांना लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्षभर, पंचविशीपुढचं लायसन्सवालं माणूस सोबत नसेल तर वीस वर्षांखालचं कुणी गाडीत घेता येत नाही. फुकटचं नको वाटत असेल तर तालमीच्या दिवशी त्या मुलांपुरता खाऊचा डबा दे. आणि गाडी शिकच. मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले.

नाटकाच्या फीचं विचारलंस. तुमच्या राज्यात सरकारी शाळेला नाटक, संगीत, खेळ यांची सक्तीची फी घेता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ सालीच तसा निकाल दिलाय. रविवारची मराठी शाळा दोन महिने बुडाली तर बुडू दे, घरी मराठी बोलताच ना!

भूमिका दुसऱ्या कुणाला दिली का, ते लिहिलं नाहीस. आज रात्रीच शिक्षकांना ईमेल कर, आणि लेकीला शेजारी बसवून लिही.