क्रोशाच्या हत्तीला बुरशी आली? आधी आतलं भरण तपासा

ताई, तुम्ही लिहिलंय की जाऊबाईंच्या बाळाच्या खोलीसाठी क्रोशाचा हत्ती केलात. मिरगापर्यंत तो छान होता. श्रावण लागला आणि पोटावर काळे ठिपके आले, कुबट वास सुटला, आतलं सगळं एका बाजूला गोळा झालं. आणि घरात म्हणतात की लोकर स्वस्तातली घेतली म्हणून असं झालं. हे वाचून राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

लोकरीला दोष देऊ नका. ॲक्रिलिकची लोकर अशी बुरशीला सहजी बळी पडत नाही. तुम्हीच म्हणता की टाक्यांतून आतलं दिसत नाही, म्हणजे सुई योग्य आणि मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके) घट्ट. मॅजिक रिंगने सुरुवात, सहा टाक्यांपासून वाढवत नेणं वगैरे तुम्हाला येतंच, त्यात जात नाही. हत्ती डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच समजा, पण माझ्या मते घात भरणाने केलाय.

मी रत्नागिरीच्या बाजूला किनाऱ्यावरच राहते. भाचीच्या पहिल्या बाळासाठी मी कासव केलं होतं. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना तिने पाहिली होती, तिला तसंच हवं होतं, हिरवट करड्या पाठीचं. भरण एका दुकानातून आणलं. पिशवीवर ‘पॉलिस्टर फायबर’ छापलेलं, तरी मी विचारलं, यात कापूस मिसळलेला नाही ना? ‘ताई, शंभर टक्के फायबर.’ पावसात कासवाचं तेच झालं जे तुमच्या हत्तीचं झालंय. शिवण उसवली तर वरवर पांढरं, आणि खाली करड्या चिंध्या पिंजून केलेला चुरा, त्यात रंगीत धाग्यांचे तुकडे! कुणाच्या जुन्या कपड्यांचा चुरा होता तो, आणि तो नवजात बाळाच्या खोलीत ठेवलेला.

उरलेली पिशवी आणि बिल घेऊन दुकानात गेले. उत्तर मिळालं, ‘वापरलेला माल परत घेत नाही, बुरशी तुमच्या घरातल्या ओलीने आली.’ बिलावर नुसतं ‘क्राफ्ट सामान’ लिहिलेलं. पिशवीवरचा फोन कुणी उचलेना. पैसे किरकोळ होते हो, पण पाठीवरची सगळी नक्षी पुन्हा विणायची तर त्या रंगाचा तोच डाय लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली लोकर, कुठे मिळेना, आणि बारसं होऊन गेलं. आपण रात्री जागून विणायचं, आणि न दिसणाऱ्या जागी कुणीतरी कचरा भरून द्यायचा, याचा मला अजून संताप येतो. म्हणून बिलावर ‘पॉलिस्टर फायबर’ हे शब्द लिहूनच घ्या. दुकानदार कां कू करायला लागला तर दुकान बदला. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आता यामागचं कारण. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. आपल्याकडे जुलैत हवा ६५ वर कुठे थांबते? त्यात कापूस हे बुरशीचं अन्न, आणि हत्तीच्या पोटाच्या मध्यापर्यंत वारा पोचत नाही. बाहेरून कोरडा लागला तरी आत तो ओलाच राहतो.

तपासायचं असं. भरणाची चिमूट चिमट्यात धरून मोरीजवळ, बाजूला पाणी ठेवून पेटवा. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. दोन्ही दिसलं तर भेसळ. चिमूट पिशवीच्या तळातून घ्या, वरची नको. वितळलेला थेंब हाताला चिकटून भाजतो, तेव्हा मुलं जवळ नसताना हे करा.

कुणी सांगेल की परसातल्या सावरीचा कापूस भरा. उशीला तो उत्तम, उशी दर उन्हाळ्यात उन्हात टाकता येते. खेळण्यात मात्र नको. तंतू आखूड आणि गुळगुळीत असतात, टाक्यांतून बाहेर येतात आणि बाळाच्या नाकातोंडात जातात.

तुमचा हत्ती वाचवायचा असेल तर मानेची शिवण उसवा आणि भरण सगळं फेकून द्या, धुऊन पुन्हा वापरायचा मोह नको. कवच कोमट पाण्यात साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि पंख्याखाली वाळवा. ऊन पडलं तर उन्हात. शेगडीवर पालथ्या टोपलीवर बाळाचे कपडे वाळवतो तसं मात्र करू नका, ॲक्रिलिक उष्णतेने कडक होतं, वितळतंही. वास आणि डाग गेले तर नवं भरण घाला. राहिले तर माझ्या घरी तरी तो हत्ती तान्ह्या बाळाच्या खोलीत गेला नसता. कठोर वाटेल, पण बुरशीशी तडजोड नको.

जांभ्याच्या भिंतीला, त्यातही पश्चिमेच्या, टेकवून काही ठेवू नका. पावसाचा मारा त्याच बाजूने येतो. खोलीच्या आतल्या भिंतीवर, थोडं सुटं टांगा. आणि कृपा करून डांबरगोळ्या नकोत. जी६पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना त्यांच्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि कमतरता आहे की नाही हे घरात बहुधा कुणाला माहीत नसतं. मी डॉक्टर नाही, बाळाच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

डोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगते. प्लास्टिकचे ‘सेफ्टी आय’ नाव काहीही असो, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लावू नका, दोऱ्याने भरून काढा. आणि हत्ती खोलीच्या शोभेसाठी, झोपलेल्या बाळाच्या पाळण्यात नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांतही पहिल्या वर्षी बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणी नकोत असंच आहे. पाळण्यावर चिमणाळं म्हणून क्रोशाचे छोटे हत्ती टांगणार असाल तर हात पोचणार नाही इतके उंच बांधा, आणि बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की, किंवा पाच महिन्यांचं झालं की, काढून ठेवा.

नवा हत्ती सुती धाग्याचा करू का, असं विचारलंत. बाळ तोंडात घालणार असेल तर हो, पण छोटा करा, म्हणजे वरचेवर धुता येईल आणि लवकर वाळेल, आणि भरण पॉलिस्टरचंच घाला. नुसता शोभेचा असेल तर ॲक्रिलिकच बरं. काही जणींना हे पटणार नाही, सुती टाका दिसायला सुबक असतो हे मलाही मान्य आहे. लोकर घेताना सगळे गुंडे एकाच लॉटचे बघून घ्या आणि एक जास्तीचा घ्या. भरायला सुरुवात कराल ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. जाऊबाईंना तोवर थांबायला सांगा.